सर लॉरेन्स ब्रॅग

अभ्रकाचा तुकडा ज्याने एकदा हाती घेतला आहे, त्याला त्याची गंमत सांगावयास नको. नखाने कड उचलली की त्याचा एक पातळ, चकचकीत पापुद्रा अलगद सुटून येतो. त्या पापुद्र्याचा आणखी पातळ पापुद्रा निघतो आणि त्याचाही निघतो. हे कोठवर चालावयाचे? ज्याचे आणखी दोन भाग होऊ शकणार नाहीत असा अखेरचा पापुद्रा असतो काय, आणि असल्यास त्याची जाडी किती? प्रकाशाच्या साह्याने पाहणाऱ्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ते उत्तर मिळविण्याची वाट ज्याने दाखविली, तो त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याचे नाव विल्यम लॉरेन्स ब्रॅग.

लॉरेन्सचा जन्म ३१ मार्च १८९० रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड या शहरी झाला. त्याचे वडील विल्यम हेन्री ब्रॅग तेथील विद्यापीठात गणित व पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक होते. आई ग्वेंडोलिन जलरंगांत उत्तम चित्रे काढीत असे. तिचे वडील सर चार्ल्स टॉड यांनी ॲडलेडपासून उत्तर किनाऱ्यावरील डार्विनपर्यंत, निर्जन वाळवंट ओलांडून, तारायंत्राची तार नेली होती. अशा घरात वाढलेल्या मुलाला यंत्रांची आणि निसर्गाची गोडी लागली, यात नवल नव्हे.

१८९६ साली एक लहानसा अपघात झाला. पाच-सहा वर्षांचा लॉरेन्स आपल्या तीनचाकी सायकलीवर बसला असता धाकटा भाऊ बॉब याने खेळाच्या भरात मागून उडी घेतली. लॉरेन्स पडला आणि त्याच्या डाव्या कोपराच्या हाडाचा चुरा झाला. जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्याला तेव्हा पुरते एक वर्षही झाले नव्हते. परंतु ती वार्ता वाचून वडिलांनी आपल्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचे उपकरण तयार केले होते. त्या उपकरणातून ठिणग्या उडत, तडतड आवाज होई आणि एक विचित्र वास पसरे. मुलगा भ्याला. म्हणून प्रथम बॉबच्या हाताचे छायाचित्र घेऊन दाखविण्यात आले, तेव्हा कोठे लॉरेन्सने आपला हात पुढे केला. रोग्याच्या उपचारासाठी क्ष-किरण वापरल्याचे ऑस्ट्रेलियातील हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. हात बरा झाला, पण तो किंचित आखूड राहिला.

खेळांत फारसे प्रावीण्य नसल्यामुळे हा मुलगा समुद्रकिनाऱ्यावर एकटाच शंखशिंपले वेचीत हिंडे. त्याच्या संग्रहात एके दिवशी माकूळ जातीच्या सागरी प्राण्याचे एक असे कवच आले की, ते कोणत्याही ज्ञात जातीशी जुळेना. ती जात नवीनच ठरली आणि १९०७ साली तिला त्याच्याच नावावरून सेपिया ब्रॅगी असे नाव मिळाले. पुढल्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, लॉरेन्सने गणिताची पदवी सन्मानपूर्वक मिळविली.

१९०९ मध्ये वडिलांना इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात जागा मिळाली आणि सारे कुटुंब तिकडे गेले. लॉरेन्स केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला. तेथील शिष्यवृत्तीची परीक्षा त्याने फुप्फुसदाहाने आजारी असताना अंथरुणावर बसून दिली, तरीही शिष्यवृत्ती त्यालाच मिळाली. पुढे वडिलांच्या सल्ल्यावरून त्याने गणित सोडून पदार्थविज्ञान हा विषय घेतला.

क्ष-किरण म्हणजे काय, याविषयी त्या काळी शास्त्रज्ञांत मोठा वाद चालू होता. कोणी म्हणत, ते प्रकाशासारखे तरंग आहेत. कोणी म्हणत, ते वेगाने धावणारे कण आहेत. लॉरेन्सचे वडील कणांच्या बाजूचे होते आणि त्या बाजूचे ते एक प्रमुख पुरस्कर्ते होते. १९१२ च्या वसंत ऋतूत म्यूनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून फ्रीडरिख आणि क्निपिंग या दोघांनी एक प्रयोग केला. त्यांनी क्ष-किरणांची एक बारीक शलाका स्फटिकातून आरपार जाऊ दिली आणि पलीकडे छायाचित्राची काच ठेवली. काचेवर मधल्या डागाभोवती अनेक लहान लहान ठिपके सुबक मांडणीत उमटले. लाउए म्हणाले की, हे तरंगांचेच लक्षण आहे; परंतु विशिष्ट जागीच ठिपके का उमटावेत आणि इतर जागा रिकाम्या का राहाव्यात, याचा नीट उलगडा त्यांच्या गणिताने होईना.

त्या उन्हाळ्यात ब्रॅग कुटुंब यॉर्कशरच्या समुद्रकिनारी सुट्टीसाठी गेले होते. पितापुत्रांत रात्रंदिवस याच ठिपक्यांची चर्चा चाले. स्फटिकातील अणूंच्या रांगांमधून जणू बोळ असतात आणि त्यांतून कण निसटून जातात, अशी एक कल्पना वडिलांच्या मताला अनुकूल होती. पुत्राने ती पडताळून पाहण्यासाठी लीड्सच्या प्रयोगशाळेत प्रयोगही केला. पण तो साधला नाही. शरद ऋतूत तो केंब्रिजला परतला. तेथे नदीकाठच्या हिरवळीवरून फिरत असताना एके दिवशी त्याला उत्तर सुचले, आणि ते वडिलांच्या मताविरुद्ध जाणारे होते.

त्याच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी. छायाचित्राची काच स्फटिकाजवळ असता ठिपके गोल दिसत. काच दूर नेली की ते चपटे, लांबट होत. आरशांच्या चळतीवरून परावर्तन पावलेल्या किरणांचा आकार असाच होईल. म्हणजे स्फटिकातील अणू हे एकावर एक रचलेल्या थरांत बसलेले असले पाहिजेत आणि प्रत्येक थर क्ष-किरणांचा थोडासा अंश आरशाप्रमाणे परतवीत असला पाहिजे. वरच्या थरावरून परतलेला तरंग आणि खालच्या थरावरून परतलेला तरंग यांपैकी दुसऱ्याला थोडे अधिक अंतर तोडावे लागते. या अधिक अंतरात तरंगांची संख्या पूर्ण भरली, तर दोन्ही तरंगांचे माथे एकमेकांवर येतात आणि किरण प्रबळ होतो. ती भरली नाही, तर हजारो थरांवरून आलेले तरंग एकमेकांना मारून टाकतात. म्हणून किरण अमुक कोनांतच परततो, इतरत्र नाही. तो कोन, थरांतील अंतर आणि तरंगलांबी या तिहींना बांधणारे एक लहानसे सूत्र लॉरेन्सने मांडले. आज जगातील प्रत्येक महाविद्यालयात ते ब्रॅगचा नियम म्हणून शिकविले जाते. ११ नोव्हेंबर १९१२ रोजी त्याचा निबंध केंब्रिजच्या विद्वत्सभेपुढे वाचण्यात आला.

हे खरे असेल तर त्याचा सरळ पुरावा कोठे मिळेल? मेघकोष्ठाचे निर्माते चार्ल्स विल्सन यांनी सुचविले की, जे खनिज आपण होऊन थरांथरांत फुटते तेच घेऊन पाहावे. अशा वेळी अभ्रकाची आठवण न झाली तरच आश्चर्य! लॉरेन्सने सुमारे एक मिलिमीटर जाडीची अभ्रकाची पट्टी घेतली आणि क्ष-किरणांची शलाका तिच्या पृष्ठभागावरून जवळजवळ घासत जाईल अशी सोडली. केवळ काही मिनिटांत काचेवर परावर्तित किरणाचा स्पष्ट ठिपका उमटला. पट्टीचा कोन बदलताच तो ठिपकाही आरशाच्या नियमाप्रमाणे सरकला. लॉरेन्स ती ओली काच तशीच घेऊन प्रयोगशाळेचे प्रमुख जे. जे. टॉमसन यांच्याकडे धावत गेला.

आनंदाच्या भरात त्याने उपकरण इतके राबविले की, त्यातील प्लॅटिनमचा एक भाग जळून गेला. त्याची किंमत दहा शिलिंग होती. कार्यशाळेतील कारागीर संतापला आणि त्याने महिनाभर नवा भाग देण्याचे साफ नाकारले. पदार्थविज्ञानाच्या इतिहासातील एक थोर शोध असा दहा शिलिंगांपायी एक महिना खोळंबून राहिला.

मुलाचे म्हणणे ऐकून वडिलांना काय वाटले असेल? वर्षानुवर्षे जपलेले मत पोटच्या मुलानेच डळमळीत केलेले. परंतु ते खरे शास्त्रज्ञ होते. परावर्तन पावलेले किरण मोजता आले पाहिजेत, एवढाच विचार त्यांनी केला आणि १९१३ च्या आरंभी लीड्स येथे क्ष-किरणांचा वर्णपटमापक बनविला. लोलकातून सूर्यप्रकाश गेला की त्याचे सात रंग वेगळे होतात, त्याला आपण वर्णपट म्हणतो. क्ष-किरणांना साधा लोलक चालत नाही. या यंत्रात लोलकाचे काम स्फटिक करतो. मध्यभागी फिरत्या चौकीवर स्फटिक, एका बाजूस क्ष-किरणांची नळी आणि दुसऱ्या बाजूस परतलेला किरण झेलणारी वायूची पेटी, अशी त्याची रचना होती. किरण किती प्रबळ आहे हे सोन्याच्या पातळ वर्खाच्या हालचालीवरून कळे. स्फटिक हळूहळू फिरविला असता ठराविक कोनांवर किरण एकाएकी प्रबळ होई. नळीत ज्या धातूचा उपयोग केला असेल, त्या धातूच्या स्वतःच्या अशा या वर्णरेषा होत्या.

एकाच यंत्राने अशा रीतीने दोन दारे उघडली. स्फटिक माहीत असेल तर किरणांची तरंगलांबी काढावी. किरण माहीत असेल तर स्फटिकातील अणूंची रचना काढावी. पहिल्या दाराने हेन्री मोसली नावाचा तरुण आत शिरला आणि त्याने मूलद्रव्यांचे अनुक्रमांक निश्चित केले. दुसऱ्या दाराने पितापुत्र गेले.

त्यांनी प्रथम घेतलेल्या पदार्थांत आपले रोजचे मीठ होते. मिठाचा एक रेणू म्हणजे सोडियमचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू यांची जोडी, असे रसायनशास्त्रज्ञ मानीत असत. लॉरेन्सच्या मोजमापांवरून दिसले की, मिठाच्या खड्यात अशी जोडी कोठेच नाही. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन आणि प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, अशी ही तिन्ही दिशांना पसरलेली बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे. मिलिमीटरभर लांबीच्या एका रांगेत असे सुमारे पस्तीस लाख अणू बसतात. कित्येक जुन्या रसायनशास्त्रज्ञांना हे मुळीच रुचले नाही. पुढे चौदा वर्षांनीही, १९२७ साली, एका वृद्ध रसायनशास्त्रज्ञाने मिठाच्या या पटाविरुद्ध एका शास्त्रीय साप्ताहिकात जाहीर तक्रार केली होती. मीठ मात्र आपल्या जागी स्थिर राहिले. १९१३ सालीच दोघांनी मिळून हिऱ्याची रचनाही उलगडली. त्यातील प्रत्येक कार्बनचा अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून आहे. हिऱ्याच्या काठिण्याचे मूळ तेथेच आहे.

या यशात एक सल होता. वडील प्रसिद्ध आणि पुत्र अपरिचित. तेव्हा सभासंमेलनांची निमंत्रणे वडिलांना येत. ते प्रत्येक ठिकाणी मुलाच्या कामाचा उल्लेख करीत, तरी ऐकणाऱ्यांची समजूत अशी होई की, मूळ कल्पना वडिलांचीच असावी. लॉरेन्सचे वडिलांवर प्रेम होते. त्यामुळे हे दुःख बोलून दाखविणेही त्याला कठीण जाई. १९१३ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या थोर शास्त्रज्ञांच्या परिषदेला वडीलच गेले. तेथून मात्र लॉरेन्सला एक पत्र आले. अभिनंदनाच्या त्या पत्रावर आइन्स्टाइन, मादाम क्यूरी, लॉरेंट्झ, रदरफर्ड आणि स्वतः लाउए यांच्या सह्या होत्या.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. शत्रूच्या तोफा कोठे दडल्या आहेत हे त्यांच्या आवाजावरून शोधून काढण्याचे काम लॉरेन्स ब्रॅग यांच्याकडे आले. अनेक ठिकाणी ठेवलेल्या ध्वनिग्राहकांपर्यंत आवाज पोचण्यास लागलेल्या वेळातील फरकावरून तोफेची जागा काढावयाची होती. परंतु तोफेचा खर्ज सूर साध्या ध्वनिग्राहकाला पकडता येईना. त्यांचे सहकारी टकर यांना एक गोष्ट आढळली. ते ज्या खोपट्यात निजत, त्याच्या भिंतीतील भोकातून तोफ उडताच थंड वाऱ्याची झुळूक येई. त्यावरून त्यांनी तापलेल्या बारीक तारेचा ध्वनिग्राहक बनविला. झुळकेने तार थंड होई आणि विजेच्या प्रवाहात बदल होऊन नोंद उमटे.

युद्धाने ब्रॅग घराण्याकडून मोठी किंमत घेतली. सप्टेंबर १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेत बॉब मारला गेला. काही आठवड्यांपूर्वी त्याच रणभूमीवर मोसलीही पडला होता. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, आघाडीवरच्या एका खेड्यात गावच्या धर्मोपदेशकाच्या घरी राहत असताना, लॉरेन्स यांना वार्ता कळली की, त्या वर्षीचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना व त्यांच्या वडिलांना मिळून देण्यात आले आहे. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. विज्ञानाच्या क्षेत्रात इतक्या लहान वयात हे पारितोषिक अद्याप दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही.

१९१९ साली ते मँचेस्टर विद्यापीठात रदरफर्ड यांच्या जागी प्राध्यापक झाले. आरंभीचे दिवस फार कठीण गेले. अध्यापनाचा अनुभव नव्हता, युद्धावरून परतलेले विद्यार्थी वर्गात दंगा करीत आणि कोणी निनावी पत्रे पाठवून त्यांची निंदाही करी. १९२१ मध्ये ॲलिस हॉपकिन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि संसाराबरोबर मनाचे स्वास्थ्यही परत आले. मग त्यांनी हाती घेतला तो खडकांचा प्रश्न.

पृथ्वीचे कवच बहुतांशी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगांचे बनलेले आहे. ही संयुगे पाण्यात विरघळत नाहीत आणि वितळविली की त्यांची रचना मोडते. त्यामुळे रसायनशास्त्राच्या नेहमीच्या रीती येथे थकल्या होत्या. ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी एकामागून एक खनिज तपासले. तीन लिंबे एकमेकांना चिकटवून ठेवावीत, त्यांवर चौथे बसवावे आणि मधल्या फटीत एक मणी सरकवावा. लिंबे म्हणजे ऑक्सिजनचे अणू आणि मणी म्हणजे सिलिकॉन. हा चौकडा प्रत्येक खनिजात आढळला. फरक होता तो चौकडे एकमेकांशी कसे जोडले जातात यात. कोठे ते सुटे असतात, पाचूच्या जातीच्या खनिजात सहा-सहांची कडी करतात, कोठे साखळी गुंफतात, तर गारगोटीत चहू बाजूंनी जाळे विणतात.

अभ्रकात ते चटईसारखे पसरतात. १९३० साली मँचेस्टर येथील ब्रॅग यांच्या सहकाऱ्यांनी आणि अमेरिकेत लायनस पॉलिंग यांनी अभ्रकाची रचना प्रसिद्ध केली. चौकड्यांच्या दोन चटया समोरासमोर आणि त्यांना जोडणारे ॲल्युमिनियमचे अणू मध्ये, असा एक पक्का थर होतो. असे दोन थर एकमेकांवर बसतात, तेव्हा त्यांच्यामध्ये पोटॅशियमच्या अणूंची विरळ रांग असते. तीच या इमारतीतील कच्ची जागा. नखाने अभ्रक सोलतो तेव्हा तो तेथेच सुटतो. एका थराची जाडी मिलिमीटरचा सुमारे दहा लाखावा भाग भरते. म्हणजे १९१२ साली लॉरेन्सने जी पट्टी क्ष-किरणांसमोर धरली होती, तिच्यात सुमारे दहा लाख पाने होती!

शंखजिऱ्यात अशाच चटया असतात, परंतु मध्ये पोटॅशियम नसते. म्हणून ते बोटांखाली साबणासारखे घसरते. महाराष्ट्रातील काळ्या मातीतही याच घराण्यातील एक खनिज असते. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरते तेव्हा माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी निघून गेले की शेताला भेगा पडतात. शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या या गोष्टीचे कारण असे क्ष-किरणांच्या साह्याने समजले. आता अशी थरांची खनिजे भट्टीत व प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीनेही बनवितात. अभ्रकाचा कृत्रिम प्रकार तर अस्सलाहून अधिक उष्णता सहन करतो. अशी खनिजे जमली की नाहीत, हे पाहण्यासाठी आजही प्रथम त्यांच्यावर क्ष-किरण सोडून ब्रॅगच्या नियमाने थरांचे अंतर काढतात. मग अवरक्त किरणांच्या वर्णपटावरून आणि सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामावरून त्यांतील अणू कसे कंप पावतात हे ताडतात.

१९३८ साली ब्रॅग केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि १९४१ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. पुढल्या वर्षी त्यांचे वडील वारले. तोवर एका खनिजाला पितापुत्र दोघांच्या सन्मानार्थ ब्रॅगाइट हे नाव मिळाले होते. केवळ क्ष-किरणांच्या साह्याने ओळखले गेलेले ते पहिले खनिज होय. केंब्रिज येथे ब्रॅग यांनी रक्तातील लाल द्रव्याची रचना शोधणाऱ्या माक्स पेरुट्झ यांना वर्षानुवर्षे आधार दिला. मिठात दोन प्रकारचे अणू आणि येथे एका रेणूत हजारो. अनेकांना हा वेडेपणा वाटे. त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५३ साली वॉट्सन आणि क्रिक यांनी आनुवंशिकतेच्या द्रव्याची रचना उलगडली. एवढ्या कामांतही साबणाच्या बुडबुड्यांचा तराफा करून धातूंतील अणू कसे सरकतात हे दाखविण्यात हा प्रौढ शास्त्रज्ञ रमून जाई.

१९५४ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे प्रमुख झाले. फॅरडे यांनी जेथे व्याख्याने दिली त्याच सभागृहात त्यांनी शाळेतील मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्याने सुरू केली. दरवर्षी हजारो मुले ती ऐकावयास येत. लंडनमध्ये त्यांना एकच उणीव भासे, ती बागेची. तेव्हा ते आठवड्यातून एक दुपार जुने कपडे घालून एका बाईंच्या बागेत विली या नावाने माळीकाम करावयास जाऊ लागले. बाईंना माळ्याचे काम पसंत होते. एके दिवशी त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याने खिडकीतून बाहेर पाहिले आणि विचारले की, सर लॉरेन्स ब्रॅग येथे काय करीत आहेत? तेव्हा कोठे त्यांना आपला माळी कोण ते कळले.

१९६२ साली पेरुट्झ, केंड्रू, वॉट्सन आणि क्रिक या त्यांच्या प्रयोगशाळेतील चौघांना नोबेल पारितोषिके मिळाली. चार वर्षांनी ब्रॅग निवृत्त झाले आणि १ जुलै १९७१ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.